चौसष्ट सुया

डाग्नीचं पहिलं मूल माझ्या हातात आलं तेव्हाच मला कळलं, की ते जाऊन दोन-तीन दिवस झालेत. सातवा महिना होता. अंगाची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटत होती. मी घाईघाईनं ते दुपट्यात गुंडाळलं आणि डाग्नीला म्हणाले, "नको बघूस, पोरी." तिनं ऐकलं, मान भिंतीकडे वळवली. पुढे मला त्या शब्दांची फार लाज वाटली. बघितलं असतं तर तिनं निदान विचारलं तरी असतं, असं का झालं म्हणून.

ही चव्वेचाळीस सालातली गोष्ट. उत्तर किनाऱ्यावरच्या स्कार्व्होय बेटावर मी तेव्हा अकरा वर्षं सुईण होते. बेट म्हणजे चाळीस-बेचाळीस घरं, एक चर्च, मासे वाळवायच्या मांडण्या, आणि युद्ध होतं तेवढी वर्षं पलीकडच्या टोकाला जर्मनांचा तळ. डॉक्टर खाडीपलीकडे राहायचे. समुद्र खवळला की ते असून नसल्यासारखेच. म्हाताऱ्या डॉक्टरांनी चार दिवसांनी येऊन डाग्नीचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "होतं असं. लढाईचे दिवस, खायला धड नाही. पुढचं होईल."

पुढचं शेहेचाळीसच्या मार्चमध्ये झालं. महिनाभर आधी, पण जिवंत. मुलगा होता. घरात आनंदीआनंद झाला. डाग्नीचा नवरा एडविन लोफोतेन बेटांवरच्या हिवाळी मासेमारीवरून दोन दिवसांची सुट्टी काढून आला आणि पाळण्याशी नुसता बसून राहिला. पाचव्या दिवशी पोराचं नाक भरून आलं. दूध ओढायला गेलं की श्वास कोंडायचा. मग तळहातांवर आणि तळपायांवर फोड उठले, आणि चेहरा असा सुकत गेला की वाटावं, एखादा म्हातारा बोळका माणूस पाळण्यात ठेवलाय. आठव्या दिवशी मीच त्याला बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून आजोबाचं नाव दिलं, पेडर. नवव्या दिवशी गेला.

दोन्ही वेळा पेटी एडविननंच केली, पेडरच्या वेळी त्यासाठी पुन्हा लोफोतेनहून येऊन. होडीघरात बसून, रंधा मारून मारून, एखादं सामान बोटीवर चढवायचंय अशी घट्ट.

त्या दिवशी घरी येऊन मी माझं शिकतानाचं पुस्तक फळीवरून काढलं. पान शोधावं लागलं नाही. नाक भरणं, तळव्यांवरचे फोड, म्हाताऱ्यासारखा चेहरा, आधीचं मूल पोटातच गेलेलं. सगळं ओळीनं लिहिलेलं होतं. पुस्तकात उपदंश, बंदरावरच्या बोलीत गरमी. आईच्या रक्तातून मुलाला होते. मी पुस्तक मिटलं आणि परत फळीवर ठेवलं.

आणि दहा महिने गप्प बसले. हे मी सांगते आहे कारण ही गोष्ट सांगायची तर माझा वाटाही सांगायला हवा. चाळीस घरांच्या बेटावर एका बाईच्या दारात जाऊन कुठल्या तोंडानं म्हणायचं, की तुझ्या घरात गरमी आहे? आणि चूक निघाली तर? असे शंभर प्रश्न मी स्वतःला विचारले आणि त्यांच्या आड लपून राहिले.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत डाग्नी माझ्या दारात उभी राहिली. सव्वीस वर्षांची बाई, पण चालणं पन्नाशीचं. कोट न काढताच खुर्चीवर टेकली.

"मार्गितबाई, मला पुन्हा दिवस गेलेत."

"कितवा?"

"तिसरा लागला असेल." ती हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत होती. "ह्या खेपेला मी काही विणलं नाहीये. सासूबाईंना अजून सांगितलेलंही नाही. मला फक्त एवढंच विचारायचंय, ह्याही वेळी मरणारच असेल तर आत्ताच सांगा. म्हणजे मी त्याच्याशी बोलायचं बंद करीन."

"बोलतेस?"

"बोलते हो. गाईचं दूध काढताना."

मला दहा महिने जे जमलं नव्हतं ते त्या क्षणी जमलं. मी म्हणाले, "डाग्नी, उद्याच्या टपालबोटीनं आपण दोघी खाडीपलीकडे जाऊ. नवा डॉक्टर आलाय. तुझं रक्त तपासायचंय."

"रक्तात काय असणार?"

"कदाचित असं काहीतरी, ज्यावर आता औषध आहे."

नवा डॉक्टर म्हणजे हायडे. एकतिसाव्या वर्षी केस विरळ झालेला, बोलताना कानाच्या पाळ्या लाल होणारा पोरगा. पण त्यानं माझं सगळं नीट ऐकून घेतलं, रक्त काढलं आणि दक्षिणेला प्रयोगशाळेत पाठवलं. निकाल यायला साडेतीन आठवडे लागले. तोवर पोट दिसायला लागलं होतं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा कागद टेबलावर पडला होता आणि डॉक्टरचे कान तांबडेलाल होते.

"तुमचं बरोबर निघालं," तो म्हणाला. "मी तिच्या नवऱ्याला पत्र लिहितो. पेनिसिलिन मागवलंय, महिन्याभरात मिळेल. बाईला सांगू, रक्त अशक्त आहे, ताकदीची इंजेक्शनं द्यायचीत."

"किती इंजेक्शनं?"

"दर तीन तासांनी एक. आठ दिवस. चौसष्ट."

"ताकदीची चौसष्ट?" मला हसूच आलं. "डॉक्टर, ती माशाचं पोट चिरून आत कुठं काय बिघडलंय ते सांगणारी बाई आहे. तुम्ही तिला ताकदीची गोष्ट सांगणार?"

"बायकांना हे सांगत नाहीत, मार्गितबाई. आम्हाला तसंच शिकवलंय. संसार मोडतात."

"दोन मुलं पुरलीत तिनं. रक्त तिचं, पोट तिचं, सुया तिच्या अंगात जाणार, आणि कारण तेवढं तिला कळायचं नाही?"

तो बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "मग तुम्हीच सांगा. मला जमणार नाही."

मी गेले तेव्हा डाग्नी चुलीशी सातूच्या पातळ भाकऱ्या भाजत होती. सासू, ओलियाना, गोठ्यात होती. मी दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. आजाराचं नाव सांगितलं, तो कसा लागतो ते सांगितलं, मुलांना काय झालं ते सांगितलं.

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उचलली, बाजूला ठेवली, पुढची टाकली.

"म्हणजे मीच मारलं त्यांना."

"नाही."

"माझंच रक्त ना?"

"तुझ्या रक्तात कुणीतरी आणून सोडलेला आजार आहे. तुला माहीतही नव्हतं. मारलं कसं म्हणशील?"

तिनं भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मार्गितबाई, माझ्या आयुष्यात एकच पुरुष आलाय."

"माहीत आहे मला."

"नाही, लोकांना माहीत असायला हवं ना. मी तळावरच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला जात होते. दीड वर्ष. पैसे लागत होते म्हणून. आता लोक काय म्हणतील ते मी तुम्हाला आत्ताच म्हणून दाखवते."

लोकांचं जाऊ दे, मला भीती ओलियानाची होती. बाई नवऱ्यामागं एकटीनं घर चालवलेली, हाताला खरबरीत आणि जिभेला त्याहून. सून तळावर कामाला गेली होती ही गोष्ट ती विसरली नव्हती आणि सुनेला विसरू देत नव्हती.

एप्रिलच्या मध्यावर लोफोतेनचा हंगाम संपला आणि एडविन परत आला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर हायडे पेनिसिलिनचा खोका घेऊन बोटीनं बेटावर आला. कायद्यानं डॉक्टरला विचारणं भाग होतं, आजार कुठून आला ते. आम्ही चौघं त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसलो. डॉक्टरनं घसा खाकरला आणि कागदाकडे बघत सगळं वाचल्यासारखं सांगितलं. एडविन मांडीवर हात ठेवून बसला होता. मीठ आणि दोरांनी चिरलेले हात.

तेवढ्यात दार ढकलून ओलियाना आत आली. हातात कॉफीची किटली. दारामागं तिनं किती ऐकलं होतं ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

"मी म्हणत नव्हते?" किटली तिनं अशी आदळली की झाकण उडालं. "तळावर बटाटे सोलायला जायची, बटाटे! काय काय सोललंस गं तिथं? माझी दोन नातवंडं मातीत गेली तुझ्या बटाट्यांपायी!"

डाग्नी पांढरीफटक पडली, पण उठली नाही. तिनं एडविनकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ बायकांना नवऱ्याकडे बघताना पाहिलंय, कळा देताना, शिव्या देताना. पण तसं बघणं नाही.

मला वाटलं, हा काही बोलत नाही. आता हे घर इथंच संपलं.

"आई, बस खाली," एडविन म्हणाला.

"मी का बसू? तिला–"

"बस म्हणतोय ना! ते माझ्याकडून आलंय."

ओलियाना उभीच राहिली.

तो मग थांबला नाही. बोलायला लागलेला माणूस मध्येच थांबला तर पुन्हा सुरू होत नाही, हे त्याला ठाऊक असावं. एकेचाळीस साली तो बर्गनला जहाजाच्या गोदीत कामाला होता. तिथं एका बाईकडे दोन-तीनदा गेला. फोड आला, दवाखान्यात गेला, तिथं म्हणाले वर्षभर आठवड्याला एक इंजेक्शन. त्यानं सहा घेतली. फोड बरा झाला, दंड सुजायचा, कामाला खाडे पडायचे, म्हणून सोडून दिलं. "मला वाटलं, गेलं ते. खरंच वाटलं. लग्न केलं तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं."

"आणि पहिलं गेलं तेव्हा?" हे डाग्नीनं विचारलं.

"तेव्हा शंका आली."

"आणि पेडर?"

त्यानं मान खाली घातली. "तेव्हा कळलं."

डाग्नी उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका हळू झाला की डॉक्टरला पुढं वाकून ऐकावं लागलं. "मी त्या पोराचं नाक पिसानं साफ करत होते. पाच दिवस. मला वाटत होतं माझं दूधच वाईट आहे. तू होडीघरात पेटीला रंधा मारत बसलास आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आणि परत माझ्याजवळ आलास."

एडविन रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही. पुढे आली, पण त्या दिवशी नाही. डाग्नी डॉक्टरकडे वळली आणि म्हणाली, "पहिलं इंजेक्शन कधी द्यायचं?"

डॉक्टर गडबडला. "आज– आत्ताही चालेल."

"मग आत्ताच द्या. ह्याचं काय करायचं ते मी सवडीनं ठरवीन."

पेनिसिलिन एकीलाच पुरेल एवढं होतं. पोटुशी बाई आधी. एडविनला जुनंच औषध घ्यायचं होतं, जे त्यानं अर्ध्यात टाकलं होतं तेच. खाडीपलीकडे जाऊन, दर आठवड्याला, वर्षभर.

डाग्नीनं इस्पितळात जायला साफ नकार दिला होता. शहरातल्या इस्पितळात असल्या आजारांच्या वॉर्डाचं दार सगळ्या उत्तर किनाऱ्याला माहीत होतं. तेव्हा चौसष्ट सुया घरीच टोचायच्या ठरल्या, आणि टोचणारी मी. औषध गार राहायला हवं होतं. त्याला मात्र आमच्याकडे खर्च नव्हता. गोठ्यामागं अजून छातीभर बर्फ होतं. गावाला सांगायला कारण काय, तर मूत्रपिंडाची सूज. डॉक्टर ते सांगतानाही लाल झाला.

पहिली सुई दुपारी तीनला दिली. डॉक्टर परतीच्या बोटीनं गेला, जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला, "पहिल्या दिवशी ताप चढेल. जंतू एकदम मरतात त्याचा. कधी कधी त्यात पोटही दुखायला लागतं. तसं झालं तर..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

संध्याकाळी ताप चढला. डाग्नी अशी थरथरायला लागली की पलंग भिंतीवर आपटत होता. मग तिनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पोट आवळून येत होतं. मी हात लावला. दगड. मग सैल. मग पुन्हा दगड.

"मार्गितबाई, हे हलत नाहीये."

"झोपलं असेल."

"मला खोटं सांगू नका. तुम्ही खोटं सांगत नाही म्हणून तर मी तुमच्याकडे आले."

सहाची सुई द्यायची की नाही, हेच कळत नव्हतं. दिली आणि पोट उतरलं तर तिसरं मूल माझ्या हातून गेलं. नाही दिली तर आजार तसाच राहिला. मी चुलीशी गेले सुया उकळायला, तर तिथं ओलियाना उभी. पातेलं आधीच चढवलेलं, पाणी खदखदतंय, सुया आत.

"किती वेळ उकळायच्या?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं."

"अठरा झालीत." तिनं घड्याळाकडे बघितलं. "बाटली मी बर्फातून काढून आणलीये. माझ्या ओंजळीत धरून जरा ऊब दिलीये. थंडगार औषध टोचलं तर दुखतं ना?"

मी बाटली घेतली. आत जाऊन सुई दिली. ओलियाना माझ्यामागून आली, पलंगाच्या कडेला बसली आणि सुनेच्या पायांना आपल्या लोकरी शालीत गुंडाळून चोळायला लागली. डाग्नीनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. म्हातारीनं सोडले नाहीत.

"तुझं नाव घेऊन मी जे बोलले ते बोलले," ती म्हणाली. "ते आता गिळता येत नाही. पण पाय गार पडलेत, तेवढे मला चोळू दे."

डाग्नीनं डोळे मिटले. "जोरात चोळा मग. नुसतं कुरवाळताय काय, मी काय मांजर आहे?"

नऊची सुई दिली. बाराची दिली. आमच्याकडे एप्रिलात रात्र कसली, नुसता निळसर उजेड. पहाटे तीनची दिली तेव्हा पोटाचं आवळणं विरळ झालं, मग थांबलं. ताप उतरला, डाग्नीला घाम फुटला, आणि सकाळी सहाच्या सुईच्या वेळी ती गाढ झोपलेली होती. मी तिला कुशीवर वळवून सुई टोचली तर ती ओरडून जागी झाली.

"काय झालं, दुखलं?"

"नाही. थांबा." तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून एक टिचकी बसली, जशी आपण खिडकीवर मारतो तशी. मग दुसरी.

"सुई मला टोचलीत," डाग्नी म्हणाली, "आणि राग ह्याला आला."

ओलियाना तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावून बाहेर निघून गेली. गोठ्यात गाईला उगाचच दोन शिव्या दिलेल्या मला ऐकू आल्या.

पुढचे सात दिवस त्या घराला एकच वेळापत्रक होतं. ओलियाना घड्याळावर बसायची. तीन मिनिटं उशीर झाला तर माझ्यावर खेकसायची, "सुईणबाई, तुमच्या वेळेनं चाललो तर पोरगं शाळेत जायच्या वयाचं होईल." मी दिवसा दोन तास, रात्री दोन तास तिथंच बाकावर आडवी व्हायचे. डाग्नीच्या अंगावर टोचायला जागा उरली नाही. डावी बाजू, उजवी बाजू, मांडी. ती म्हणायची, "आता मला जाळं म्हणून समुद्रात सोडा, चांगलं पाणी गळेल." शेजारणी मूत्रपिंडाची चौकशी करायला यायच्या तेव्हा ओलियाना दारातूनच वाटेला लावायची. एकीनं फारच खोदून विचारलं, तर म्हणाली, "माझ्या सुनेच्या मूत्रपिंडाची तुला एवढी काळजी असेल तर तुझं एक दे."

चौसष्टावी सुई दिली तेव्हा मी रडले. थकव्यानं, दुसरं काही नाही.

एडविनला डाग्नीनं होडीघराच्या माळ्यावर झोपायला पाठवलं होतं. तो गेला. जेवायला घरात यायचा, लाकडं फोडायचा, गाईचं बघायचा, आणि दर मंगळवारी खाडी ओलांडून सुई घ्यायला जायचा. जुनं औषध जहाल. दंड सुजायचा, तोंडाला धातूची चव यायची, जेवण जायचं नाही. परत आला की डाग्नी दारात उभी राहून फक्त विचारायची, "घेतलीस?"

"घेतली."

"दाखव."

तो बाही वर करून दाखवायचा. सगळा उन्हाळा हेच. एका मंगळवारी वादळ होतं, टपालबोट सुटली नाही. एडविन वल्ह्याची होडी घेऊन निघाला. मी धक्क्यावर होते. म्हणाले, "अरे, उद्या जा. एका दिवसानं काय होतंय?" तो म्हणाला, "मागं असंच म्हणून सोडलं होतं." आणि गेला. संध्याकाळच्या आत परतला, कमरेपर्यंत भिजलेला. त्या दिवशी डाग्नीनं दंड बघितला नाही. कोरडे मोजे दिले.

एवढ्यानं सगळं जुळलं असं मात्र कुणी समजू नये. ऑगस्टमध्ये एकदा ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मार्गितबाई, मला त्याचा चेहरा पाहिला की काही दिवशी पेडरच दिसतो. हे जाईल का?" मी म्हणाले, "मला माहीत नाही." तिला ते उत्तर चाललं. खरं सांगायची माझ्यावर तेवढी जबाबदारी होती.

सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला सकाळी कळा सुरू झाल्या. पूर्ण दिवस भरलेले. घरात मी, ओलियाना आणि डाग्नी. एडविन बाहेर पायरीवर. दुपारी दोनला मुलगी झाली. आली तीच ओरडत. माझ्या हातात धड मावेना एवढी जड, सात पौंडांच्या वर.

डाग्नीनं पहिलं विचारलं ते मुलगा का मुलगी नाही. "हात दाखवा," ती म्हणाली.

ह्या वेळी मी काही लपवलं नाही. मुलीला तशीच, न पुसता, तिच्या छातीवर ठेवली, मुठी उघडल्या. तळहात गुलाबी, गुळगुळीत. तळपाय गुलाबी. तिनं एकेक बोट वेगळं करून पाहिलं. मग नाकाशी कान नेऊन श्वास ऐकला. कितीतरी वेळ ऐकत राहिली.

"वाजत नाहीये," ती म्हणाली. "काहीच वाजत नाहीये."

"तिचं तोंडच एवढं वाजतंय, नाक कशाला वाजेल?" ओलियाना म्हणाली.

नाळेतलं रक्त मी बाटलीत भरून ठेवलं होतं. ते पाठवलं. पाचवा दिवस गेला, नववा गेला. नवव्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही. सगळे पाळण्याभोवती. मुलगी मात्र दर दोन तासांनी दूध पिऊन ढेकर देत होती. तीन आठवड्यांनी डॉक्टर हायडे स्वतः बोटीनं आला. धक्क्यावरूनच त्यानं कागद हलवला, आणि त्याचे कान इतके लाल होते की मला दुरूनच निकाल कळला. पुढे सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा रक्त तपासलं. मुलगी स्वच्छ. आईच्या रक्तातला दोषही उतरत उतरत गेला.

तिचं नाव ठेवलं तोर्डिस. एडविन माळ्यावरून घरात कधी आला ते मी विचारलं नाही, पण नाताळात होडीघराला बाहेरून कुलूप होतं. एडविनच्या बावन्नही सुया पूर्ण झाल्या. पन्नास साली त्यांना मुलगा झाला, तोही धडधाकट.

तोर्डिसच्या जन्मानंतर मी आणि डॉक्टरनं ठरवलं, आमच्या टापूतल्या प्रत्येक पोटुशी बाईचं रक्त तपासायचं. सरसकट. पाद्र्याच्या बायकोपासून सुरुवात, म्हणजे कुणाला नाव ठेवायला जागा नको. तरी बायका बिथरल्या. पहिल्याच हिवाळ्यात टोकाच्या वस्तीवरची इंगा नावाची एकोणीस वर्षांची पोर माझ्यासमोर दार आपटून म्हणाली, "मी काय तसली बाई आहे?" मी दोनदा गेले, दोनदा परत आले.

हे मी डाग्नीला बोलण्याच्या ओघात सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तोर्डिसला शालीत बांधून पाठीवर घेतलं आणि बर्फातून तीन मैल चालत इंगाच्या घरी गेली. मला हे इंगानंच पुढे सांगितलं.

डाग्नी तिच्या चुलीशी बसली, शाल सोडली, मुलीला जमिनीवर ठेवलं. मग म्हणाली, "इंगा, माझी दोन मुलं चर्चमागं आहेत, तुला माहीत आहे. ती कशानं गेली ते गावाला माहीत नाही. मी तुला सांगते. तुला वाटलं तर उद्या सगळ्या बेटाला सांग. मला चालेल. पण आधी रक्त दे."

आणि तिनं सांगितलं. सगळं.

इंगानं बेटाला काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी सातला, मी अजून कॉफी ठेवत होते तर ती माझ्या दारात हजर. बाही आधीच वर केलेली.